मॉनिटरवर ८२, मनगटावर ४१

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं २५ खाटांचं खासगी रुग्णालय. खाली ओपीडी आणि प्रसूती विभाग, वर चार खाटांचा आयसीयू. मी तिथला फिजिशियन. रात्री घरी असतो, बोलावलं की दहा मिनिटांत पोचतो. रात्रपाळीला एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणि आयसीयूत दोन सिस्टर. इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे रक्तातल्या पोटॅशियमसारख्या क्षारांची, तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये होते आणि ती लॅब रात्री नऊला बंद होते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण एक काकू, वय साधारण ६२. आषाढीहून परतल्यावर दोन दिवस जुलाब आणि उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातल्या दोन झाल्या होत्या. संध्याकाळी उठून उभ्या राहिल्या तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून मुलगा गाडीत घालून घेऊन आला. रक्तदाब १००/६०, जीभ कोरडी, पोट मऊ, ताप नाही. सलाईन लावलं, उलटीसाठी ऑनडान्सेट्रॉन ४ मिग्रॅ शिरेतून दिलं. वय बघून ईसीजी काढला आणि त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर आला.

मुलाला विचारलं, आधीची औषधं कोणती? तो म्हणाला, "बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही."

चुकलेला पहिला इशारा

फोटोत यंत्राने छापलेली ओळ दिसत होती: गती ५६, क्यूटीसी ४५२. बायकांमध्ये ४६० पर्यंत चालतं. मी "ओके" लिहून पाठवलं आणि जेवायला बसलो.

त्या ओळीत दोन गोष्टी होत्या. एक मला दिसायला हवी होती, दुसरी शोधायला हवी होती.

दिसायला हवी होती ती गती. दोन दिवस जुलाब झालेल्या, पाणी आटलेल्या, रक्तदाब उतरलेल्या माणसाची नाडी शंभराच्या पुढे धावते. काकूंची ५६ होती. अशा वेळी ५६ हा आकडा शांततेचा नाही. काहीतरी हृदयाला मागे ओढतंय, असा त्याचा अर्थ. ते काहीतरी म्हणजे मेटोप्रोलॉल, बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एक. दुसरी होती क्लोरथॅलिडोन, लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर टाकणारी.

शोधायला हवा होता तो खरा क्यूटी. विद्युत लहर हृदयाच्या खालच्या कप्प्यांत शिरल्यापासून त्यांचे स्नायू पुन्हा 'चार्ज' होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. गती कमी असली की तो मुळातच लांबतो, म्हणून गतीचा हिशेब घालून क्यूटीसी काढतात. त्यासाठीचं बॅझेटचं सूत्र १९२० सालचं आहे आणि बहुतेक यंत्रं आजही तेच वापरतात. सूत्रापेक्षा मोठी अडचण मोजमापाची असते. ईसीजीवर हे चार्जिंग टी लहरीत दिसतं आणि क्यूटी तिच्या शेवटी संपतो. पोटॅशियम उतरलं की टी लहर चपटी होते आणि तिच्या शेपटाला यू लहरीचा, म्हणजे तिच्यामागून येणाऱ्या छोट्या लहरीचा, उंचवटा चिकटतो. यंत्राने रेघ पहिल्या उताराला मारली होती. नंतर तोच कागद पट्टी घेऊन मी मोजला तेव्हा क्यूटी साडेतेरा छोटे चौकोन, म्हणजे ५४० मिलिसेकंद, आणि क्यूटीसी ५२० च्या आसपास निघाला. ५०० च्या पुढचा क्यूटीसी हा धोक्याचा पट्टा मानतात.

मोबाइलच्या पडद्यावर, कडा कापलेल्या फोटोत हे दिसलं असतं का? बोटांनी मोठा करून पाहिला असता तर दिसलं असतं. मी पाहिला नाही.

रक्त तपासणीला गेलं, पण लॅबने पोटॅशियम "सकाळी लावतो" सांगितलं. रात्री अकराला पुन्हा उलटी झाली, आरएमओने ऑनडान्सेट्रॉनचा दुसरा डोस दिला. कुणालाच वावगं वाटलं नाही.

समस्या

रात्री एकच्या फेरीला सिस्टरना एक विसंगती दिसली. ईसीजीच्या तारांवरून मॉनिटर गती ८२ दाखवत होता आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ४१. अशा वेळी बहुतेक लोक प्रोबला, म्हणजे बोटावरच्या चिमट्याला, दोष देतात. त्यांनीही आधी बोट बदललं, मग कानाच्या पाळीला लावून पाहिला. आकडा तोच. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली: ४१.

आरएमओने पडद्याकडे बघून सांगितलं, "८२ आहे, नॉर्मल आहे. प्रोब बदला." त्याचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. अलार्मची मर्यादा खाली ५० आणि वर १२० लावलेली होती, ईसीजीची गती तिच्यात बसत होती, आणि ऑक्सिमीटरचा अलार्म सारखा वाजतो म्हणून आधीच्या पाळीत कुणीतरी बंद केलेला होता. सिस्टरनी ईसीजीची पट्टी छापली आणि मला फोन केला. "सर, ८२ ठोके पडतायत, पण निम्मेच हाताला लागतायत."

या एका वाक्यावरून निदान होऊ शकतं. प्रत्येक साध्या ठोक्याच्या पाठीमागे खालच्या कप्प्यातून एक अवेळी ठोका पडत होता. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे त्याची धडक मनगटापर्यंत पोचत नाही. ईसीजीची तार दोन्ही मोजते, बोट एकच. याला बायजेमिनी म्हणतात.

पहिला निर्णय: ही बायजेमिनी निरुपद्रवी आहे का?

पोचेपर्यंत एक चाळीस झाले होते. काकू जाग्या होत्या. "छातीत धस्स होतंय आणि मग थांबल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या.

बायजेमिनी दिसली की धावपळ करायची, असं नाही. धडधाकट माणसांतही ती आढळते, चहा-जागरणानंतर आढळते, आणि पुष्कळदा तिला काहीच करावं लागत नाही. त्यामुळे ठोके किती पडतात यापेक्षा ते कुठे पडतात हे मी पाहत होतो. पट्टीत अवेळी ठोका दर वेळी आधीच्या ठोक्याच्या टी लहरीच्या उतारावरच पडत होता. त्यानंतर विराम. विरामानंतरच्या ठोक्याची टी लहर आधीपेक्षा रुंद, वेडीवाकडी. दोन-तीन ठिकाणी त्या रुंद लहरीवर एकाऐवजी दोन अवेळी ठोके पडलेले.

आखूड, लांब, आखूड. हाच तो नमुना. अवेळी ठोक्यामुळे आखूड अंतर, त्यामागून लांब विराम, आणि विरामामुळे आणखी लांबलेल्या चार्जिंगच्या मधेच पुन्हा एक ठोका. स्नायूचा काही भाग चार्ज झालेला, काही नाही. त्यात लहर शिरली तर ती गोल फिरत राहू शकते. मग जे होतं त्याला टॉर्साद द प्वांत म्हणतात: मिनिटाला २०० ते २५० च्या वेगाने धावणाऱ्या, मधल्या रेषेभोवती पीळ घेतल्यासारख्या दिसणाऱ्या लहरी. फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, ते ८० वर्षांच्या एका बाईंवरून. त्यांना हार्ट ब्लॉक होता, म्हणजे हृदय फार हळू चालत होतं. आपल्याकडे धोकादायक ताल म्हटलं की सगळे वेगाची वाट बघत बसतात. या प्रकारात वेग अगदी शेवटी येतो. त्याआधी संथपणा येतो, विराम येतात.

नवा बारा लीडचा ईसीजी काढला. अवेळी ठोके नसलेला चार ठोक्यांचा तुकडा सापडला. ठोक्यांमधलं अंतर २९ छोटे चौकोन, क्यूटी १५ चौकोन. म्हणजे गती ५२, क्यूटी ६०० मिलिसेकंद, क्यूटीसी ५५० च्या वर. संथ गतीला बॅझेटचं सूत्र आकडा कमीच दाखवतं, तेव्हा खरी स्थिती त्याहून वाईट.

मी मुलाला म्हणालो, "घरी जा आणि आईच्या उशाशी, कपाटात, पर्समध्ये जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत भरून आण."

दुसरा निर्णय: फिट की ताल?

दोन वाजून पाच मिनिटांनी काकूंचे डोळे वर गेले, हात ताठ झाले, घशातून घरघर आली. "फिट आली!" आरएमओ ओरडला आणि मिडाझोलामकडे वळला. मॉनिटरवर पीळ घेतलेल्या लहरी धावत होत्या. आठ-नऊ सेकंदांत त्या आपोआप थांबल्या, काकू शुद्धीवर आल्या आणि "काय झालं?" विचारू लागल्या.

मेंदूला रक्त पोचलं नाही की झटके येतात आणि ते फिटसारखेच दिसतात. मॉनिटर लावलेला नसता तर फेनिटॉइन सुरू झालं असतं आणि सकाळी मेंदूचा सीटी स्कॅन. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आणि मुळात क्यूटीचा आजार असलेले रुग्ण हृदयरोगतज्ज्ञांना अधूनमधून सापडतात, ते यामुळेच.

तिसरा निर्णय: कोणतं औषध?

डोक्यात चार पर्याय होते.

अमिओडॅरोन हातात सगळ्यात आधी येतं. आरएमओने १५० मिग्रॅ भरून तयारही ठेवलं होतं, कारण प्रशिक्षणात 'खालच्या कप्प्याची धाव म्हणजे अमिओडॅरोन' असंच डोक्यात बसतं. पण ते स्वतः क्यूटी लांबवतं आणि गती कमी करतं. इथे ते दिलं असतं तर आगीत तेल. मी सिरिंज बाजूला ठेवायला लावली.

लिग्नोकेन क्यूटी लांबवत नाही. ते राखीव ठेवलं.

आयसोप्रिनालिन गती वाढवून विराम बंद करतं. आमच्याकडे ते नव्हतं. असतं तरी मेटोप्रोलॉल घेतलेल्या माणसात त्याचा जोर किती चालला असता, शंकाच होती.

आणि मॅग्नेशियम सल्फेट. इथलं पहिलं औषध हेच, रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरी. आयसीयूच्या ट्रॉलीत एकही अँप्यूल नव्हती! पण खालच्या प्रसूती विभागात खोकं भरून होतं, गरोदरपणातल्या झटक्यांसाठी. एक सिस्टर जिना उतरून धावली. दोन अँप्यूल, म्हणजे दोन ग्रॅम, पातळ करून द्यायला घेतले.

ते अर्धं गेलं असेल-नसेल, दोन वीसला पुन्हा लहरी सुरू झाल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. नाडी गेली. छातीवर दाब सुरू केला, यंत्र भारित होताच २०० ज्यूलचा शॉक. शॉक सिंक्रोनाइझ न करता द्यायचा, कारण अशा वेड्यावाकड्या लहरींत यंत्राला ठोका ओळखताच येत नाही आणि ते वाट बघत राहतं. एका शॉकमध्ये ताल परत आला. उरलेलं मॅग्नेशियम भरभर दिलं, पाठोपाठ आणखी दोन ग्रॅम.

मॅग्नेशियम जास्त झालं तर श्वास मंदावतो. त्यावर नजर ठेवायला मी प्रसूती विभागाच्या सिस्टरनाच वर बोलावून घेतलं. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती, लघवीचं प्रमाण, हे तिन्ही त्या रोज बघतात. आयसीयूतल्या आम्हा कुणालाही त्यांच्याइतका सराव नव्हता.

चौथा निर्णय: रिपोर्टशिवाय पोटॅशियम?

लॅबच्या टेक्निशियनला फोन करून उठवलं, पण रिपोर्ट यायला तास लागणार होता. पोटॅशियम क्लोराइड आंधळेपणाने देणं हा गुन्हाच समजावा. किडनी बंद असेल तर तेच हृदय थांबवतं. दुसरीकडे ईसीजीवर चपटी टी आणि उठलेली यू लहर, दोन दिवसांचे जुलाब, क्लोरथॅलिडोन, आणि रात्रीत झालेली तीनशे मिली लघवी. सगळा पुरावा एकाच दिशेचा होता. ताशी १० मिलिइक्विव्हॅलंट या सावध वेगाने पंपावर सुरू केलं, मॉनिटरवर डोळा ठेवून. सव्वातीनला रिपोर्ट आला: पोटॅशियम २.७, म्हणजे बरंच खाली; किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४, म्हणजे किडनी बंद नव्हती. मग वेग वाढवला. लक्ष्य ४.५ ते ५ ठेवलं. नुसतं 'नॉर्मल'च्या आत आणून इथे भागत नाही.

माहेरची चौकशी

एक प्रश्न अजून उरला होता: हा जन्मजात दोष तर नाही? मी मुलाच्या मावशीला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" त्या थोडं थांबून म्हणाल्या, "आमची धाकटी आत्या विहिरीत गेली. पोहणारी होती."

मला घाम फुटला. जन्मजात क्यूटीच्या एका प्रकारात पोहताना मृत्यू येतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. आणि तसा दोष असेल तर गती वाढवणारी औषधं उलटू शकतात. पण समोरची पट्टी सांगत होती की प्रत्येक झटका विरामानंतरच सुरू होतोय. त्या प्रकारात असं सहसा होत नाही. तिथे श्रमाने वाढलेल्या गतीवर झटका येतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या विहिरीपेक्षा मी हातातल्या कागदावर विश्वास ठेवला. गती वाढवणारं ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ दिलं. गती ५२ वरून ८८ वर गेली आणि अवेळी ठोके जवळपास बंद झाले. अर्ध्या तासाने गती उतरू लागली, तेव्हा आणखी एक डोस. हा निर्णय बरोबर होता असं मी आज ठामपणे म्हणेन, पण त्या क्षणी हात थरथरत होता हेही खरं.

पिशवी

मुलगा पिशवी घेऊन आला. बीपीच्या गोळ्या. एस्सिटालोप्रॅम २० मिग्रॅ, हे नैराश्यावरचं औषध, काका गेल्यापासून झोप लागत नाही म्हणून. मुलाच्या लेखी ते "झोपेचं औषध", आणि ते सांगायचंही नसतं. शिवाय पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल, दोन वर्षांपासून रोज उपाशीपोटी. तिला घरात कुणी औषध मानतच नव्हतं. "ती ॲसिडिटीची आहे हो."

एस्सिटालोप्रॅम, डॉम्पेरिडोन, अझिथ्रोमायसिन आणि आम्ही दिलेलं ऑनडान्सेट्रॉन ही चारही क्यूटी लांबवतात. पँटोप्राझोल दीर्घकाळ घेतलं तर मॅग्नेशियम उतरवू शकतं. क्लोरथॅलिडोन आणि जुलाबांनी पोटॅशियमही नेलं. मेटोप्रोलॉलने गती खाली धरून ठेवली, आणि बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो. यातलं एकेक औषध लाखो लोक निर्धास्तपणे घेतात. काकूंच्या बाबतीत सगळी एका रात्रीत एकत्र आली, आणि शेवटची दोन इंजेक्शनं आमच्या हातची.

पाठवायचं केव्हा?

तात्पुरता पेसमेकर बसवण्याची सोय दीड तासावरच्या शहरात. घरच्यांचा आग्रह होता की लगेच हलवा, तीन वाजताच. मी थांबवलं. हलत्या गाडीत, मधल्या घाटात शॉक द्यायची वेळ आणण्यापेक्षा इथे ताल बसवून निघणं बरं. पोटॅशियम चालू राहिलं, सलग तास-सव्वा तास एकही जोडठोका आला नाही, तेव्हा पाच वाजता १०८ च्या डिफिब्रिलेटर असलेल्या गाडीतून, छातीवर पॅड चिकटवूनच पाठवलं. मी बरोबर गेलो. पुढच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'अमिओडॅरोन देऊ नये. ऑनडान्सेट्रॉन देऊ नये.'

निष्पत्ती

तिथे पेसिंगची तार बसवून गती ९० वर धरली. विराम संपले, झटकेही संपले. पोचल्यावर घेतलेल्या नमुन्यात पोटॅशियम ३.४ होतं. आमच्याकडे मॅग्नेशियम देण्याआधी काढून ठेवलेल्या रक्तात मॅग्नेशियम १.१ निघालं, नॉर्मल साधारण १.७ पासून पुढे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय चांगलं होतं. दीड दिवसाने तार काढली. पाचव्या दिवशी क्यूटीसी ४४२. कारण सापडलेलं आणि दूर होण्यासारखं असल्याने शॉक देणारं कायमचं यंत्र बसवलं नाही. बीपीची औषधं बदलली, एस्सिटालोप्रॅमच्या जागी मनोविकारतज्ज्ञांनी दुसरं औषध दिलं, कॅप्सूल बंद. मुलांचे आणि मावशींचे ईसीजी काढले, नॉर्मल आले. नॉर्मल ईसीजीने जन्मजात दोष पूर्ण नाकारता येत नाही, हे त्यांना सांगितलं आहे. विहिरीचं कोडं तसंच राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

संध्याकाळीच पोटॅशियम कळलं असतं तर बहुधा हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. लॅब बंद व्हायला तेव्हा तासभर होता आणि मी आग्रह धरला नाही. ऑनडान्सेट्रॉनच्या पहिल्या डोसबद्दल मी स्वतःला दोष देत नाही, दुसऱ्याबद्दल देतो. जुलाब, लघवीची गोळी आणि ५६ ची नाडी एकत्र दिसल्यावर तो देण्याआधी ईसीजी हाताने मोजायला हवा होता.

आता आमच्याकडे ईसीजीच्या फोटोबरोबर क्यूटी किती चौकोन ते सिस्टर किंवा आरएमओ मोजून लिहितात. 'टी लहर दोन ठोक्यांच्या अंतराच्या निम्म्याच्या आत संपली तर ठीक' हा ढोबळ नियम आम्ही संथ गतीला वापरत नाही, कारण तिथे तो फसवतो. काकूंच्या संध्याकाळच्या कागदात टी लहर जेमतेम निम्म्यावर संपत होती. आयसीयूच्या ट्रॉलीत मॅग्नेशियम असतं. ऑक्सिमीटरचा नाडीचा अलार्म बंद करायला मनाई आहे, आणि दोन आकड्यांत फरक दिसला तर मनगट धरायचं, प्रोबवर बोलायचं नाही. 'कोणती औषधं चालू आहेत?' असं न विचारता 'पिशवी आणा' म्हणतो.

मुलाने नंतर विचारलं, "आईच्या हातात स्मार्ट घड्याळ असतं तर कळलं असतं का?" घड्याळ मनगटावर प्रकाशाने नाडी मोजतं, म्हणजे ऑक्सिमीटरसारखंच. त्याने बहुधा ४१ दाखवलं असतं. क्यूटी त्याच्या आकड्यात दिसत नाही, आणि ४१ पाहून घरच्यांनी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. आयसीयूत आम्हीसुद्धा आधी प्रोबच बदलला.

सहा महिन्यांनी काकू तपासणीला आल्या. टाळायच्या औषधांचं कार्ड पर्समध्ये होतं, प्लास्टिकमध्ये घालून जपलेलं. त्याच कप्प्यात कॅप्सूलची एक नवी पट्टी होती. "जळजळत होतं," त्या म्हणाल्या, "मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने ही दिली. कार्ड डॉक्टरांना दाखवायचं असतं ना?" मी पट्टी उलटी करून वाचली. पँटोप्राझोल, डॉम्पेरिडोन. तीन कॅप्सूल घेऊन झाल्या होत्या. ईसीजी काढला, पट्टी ठेवून चौकोन मोजले. क्यूटीसी ४४८.